एलएलव्हीएममध्ये व्हॅल्यूच्या व्याख्या आणि वापर कसे धुंडाळावेत: पास लिहू लागलेल्यांसाठी मार्गदर्शन

कंपायलरमधील कोणताही पास, म्हणजे प्रोग्रामवरून फेरी मारून तो तपासणारा किंवा बदलणारा टप्पा, लिहायला घेतला की दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. या इन्स्ट्रक्शनने तयार केलेली व्हॅल्यू पुढे कुठे कुठे वापरली जाते, हा पहिला. आणि या इन्स्ट्रक्शनला लागणाऱ्या व्हॅल्यू कुठून आल्या, हा दुसरा. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या आयआरमध्ये, म्हणजे कंपायलर आतून वापरतो त्या मधल्या रूपात (इंटरमीजिएट रिप्रेझेंटेशन), या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तयार ठेवलेली असतात. त्यांसाठी वेगळे विश्लेषण चालवावे लागत नाही, साधा लूप पुरतो. तरीही नव्याने लिहिलेले पास नेमके याच लूपमध्ये बिघडताना दिसतात. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: व्हॅल्यू कोणत्या जागी वापरली आहे हे विचारायला हवे तिथे लेखक ती कोणी वापरली एवढेच विचारून थांबतो. हा लेख त्या फरकाला धरूनच पुढे जाणार आहे.

वाचकाला सी++ येते, एलएलव्हीएम स्वतःच्या संगणकावर बिल्ड करता येते आणि प्रत्येक फंक्शनचे नाव छापणारा एखादा छोटा पास त्याने लिहून पाहिला आहे, असे येथे गृहीत धरले आहे. कोडमधील नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत आणि आयआरच्या नमुन्यांतून टाइप व इतर तपशील वगळून फक्त आराखडा दाखवला आहे.

आधी रचना समजून घ्या

एलएलव्हीएमचा आयआर एसएसए (स्टॅटिक सिंगल असाइनमेंट) रूपात असतो, म्हणजे प्रत्येक व्हॅल्यूची व्याख्या मजकुरात एकाच ठिकाणी होते. एसएसएची आज प्रचलित असलेली मांडणी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, सायट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून सर्वत्र पोहोचली. त्याआधीच्या पद्धतीत एका चलाच्या अनेक व्याख्या आणि अनेक वापर असत, आणि कोणती व्याख्या कोणत्या वापरापर्यंत पोहोचते याच्या जोड्या वेगळ्या विश्लेषणाने काढाव्या लागत. या जोड्यांची संख्या व्याख्या आणि वापर यांच्या गुणाकाराइतकी वाढू शकते. एसएसएमध्ये व्याख्या एकच असल्याने प्रत्येक वापराला नेमका एकच पॉइंटर पुरतो.

हा पॉइंटर जिथे राहतो त्या वर्गाचे नाव यूज. व्हॅल्यू, यूजर आणि यूज या तीन वर्गांचे नाते पक्के झाले की पुढचे सगळे सोपे जाते. व्हॅल्यू हा पायाभूत वर्ग आहे: फंक्शनचे आर्ग्युमेंट, बेसिक ब्लॉक (मध्ये फाटा न फुटता ओळीने चालणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा गट), स्थिरांक, इन्स्ट्रक्शन, खुद्द फंक्शन, सारे व्हॅल्यूच आहेत. इतर व्हॅल्यूंना ऑपरंड म्हणून धरून ठेवू शकते ती व्हॅल्यू यूजर होय. इन्स्ट्रक्शन आणि स्थिरांक यूजर आहेत. आर्ग्युमेंट आणि बेसिक ब्लॉक यूजर नाहीत, कारण त्यांना ऑपरंडच नसतात. यूज ही या दोघांमधली एक जोडणी आहे. तिच्यात चार पॉइंटर असतात: वापरलेली व्हॅल्यू, वापरणारा यूजर, आणि त्याच व्हॅल्यूच्या वापरांच्या साखळीतील पुढचा व मागचा दुवा. प्रत्येक व्हॅल्यूकडे या साखळीचे फक्त पहिले टोक असते. वापरांची कोणतीही वेगळी सारणी कुठेही ठेवलेली नाही. ऑपरंड हाच साखळीचा दुवा आहे, आणि म्हणून ऑपरंड बदलला की साखळी त्याच क्षणी बदलते. या एका वाक्यातून पुढे सांगितलेल्या बऱ्याचशा अडचणी निघतात.

पुढील नमुना पाहा.

```
%क = ॲड %अ, ५
%ख = मल %क, %क
स्टोअर %ख, %प
रिटर्न %क
```

येथे %क चे यूज तीन आहेत: मलचा शून्यावा ऑपरंड, मलचा पहिला ऑपरंड आणि रिटर्नचा ऑपरंड. वापरणाऱ्या वेगवेगळ्या इन्स्ट्रक्शन मात्र दोनच आहेत.

पहिली पायरी: व्याख्येकडून वापरांकडे

व्हॅल्यूवर यूजर्स() बोलावल्यास प्रत्येक वेळी यूजर मिळतो, आणि यूजेस() बोलावल्यास प्रत्येक वेळी यूज मिळतो. दोन्ही लूप एकाच साखळीवरून चालतात, म्हणून वरच्या नमुन्यात यूजर्स() वरचा लूपही तीनदाच फिरतो आणि मल इन्स्ट्रक्शन दोनदा हाती येते. यूजर्स() हा संच आहे आणि त्यात पुनरावृत्ती होणार नाही असे मनात धरून मोजणी केली, तर ती चुकते.

यूज हाती असल्यास त्याच्यावर गेटयूजर() बोलावून यूजर, गेट() बोलावून व्हॅल्यू आणि गेटऑपरंडनंबर() बोलावून ऑपरंडचा क्रमांक मिळतो. म्हणजे यूजवरून यूजरकडे जाता येते, पण नुसता यूजर हाती असेल तर आपण त्याच्या कोणत्या ऑपरंडमधून आलो हे कळत नाही. यासाठी नवशिक्याला माझे सांगणे आहे की संशय असेल तिथे यूजेस() वापरावे. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण माहिती हरवत नाही.

जुने लेख वाचताना एक सावधगिरी बाळगा. २०१४ मध्ये आलेल्या ३.५ आवृत्तीपूर्वी यूज इटरेटर उलगडला की यूजर मिळत असे. त्यानंतर यूज आणि यूजर यांचे इटरेटर वेगळे झाले. त्या काळातील कोड आज जसाच्या तसा उतरवून घेतला तर कंपाइल होणार नाही.

जागा का महत्त्वाची: स्टोअरचे उदाहरण

समजा, एखाद्या अलोकाने घेतलेली स्टॅकवरची जागा रजिस्टरमध्ये नेता येईल का, हे तपासायचे आहे. त्यासाठी त्या जागेचा पत्ता फंक्शनमध्ये फक्त लोड आणि स्टोअरसाठीच वापरला जातो ना, हे पाहावे लागते. नवखा लेखक यूजर्स() वर लूप चालवतो, प्रत्येक यूजर लोड किंवा स्टोअर आहे का हे पाहतो आणि सगळे तसे असतील तर होकार देतो. आता या दोन ओळी पाहा.

```
स्टोअर ७, %जागा
स्टोअर %जागा, %प
```

दोन्ही ठिकाणी %जागा चा यूजर स्टोअरच आहे. पहिल्या ओळीत त्या जागेत ७ लिहिले जाते, आणि ते निरुपद्रवी आहे. दुसऱ्या ओळीत मात्र जागेचा पत्ताच दुसरीकडे कुठेतरी लिहून ठेवला जातो. तो पत्ता पुढे कोण वाचील आणि त्यावर काय लिहील यावर आपले कोणतेही नियंत्रण उरत नाही. स्टोअरमध्ये शून्यावा ऑपरंड लिहायची व्हॅल्यू असतो आणि पहिला ऑपरंड पत्ता असतो. त्यामुळे ऑपरंडचा क्रमांक विचारला की दोन ओळींतला फरक लगेच कळतो, आणि न विचारल्यास चुकीचा कोड तयार होतो. तोही असा, की तो बहुतेक वेळा बरोबर चालतो आणि एखाद्याच प्रोग्राममध्ये बिघडतो. अशा जागा रजिस्टरमध्ये नेणारा एलएलव्हीएमचा स्वतःचा मेम२रेग पासही अलोकाचा विचार करताना स्टोअरची व्हॅल्यू हीच ती अलोका नाही ना, आणि स्टोअर किंवा लोड व्होलाटाइल नाही ना, हे तपासूनच पुढे जातो.

फंक्शनचे वापर

एखाद्या फंक्शनला कोठून कोठून बोलावले जाते हे शोधणे, हा नवशिक्यांचा आवडता पहिला सराव आहे आणि तो चांगलाही आहे. फंक्शन ही व्हॅल्यू असल्याने तिच्याही वापरांची साखळी असते. पण कॉल इन्स्ट्रक्शन यूजर म्हणून सापडली म्हणजे त्या फंक्शनलाच बोलावले, असे होत नाही. सॉर्ट करणाऱ्या फंक्शनला तुलना करणारे फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून दिले जाते, तेव्हा तुलना-फंक्शनचा यूजर कॉलच असतो, पण बोलावले जाते ते सॉर्टला. म्हणून लूप असा लिहावा:

```
फॉर (यूज &यू : फंक->यूजेस()) {
  ऑटो *कॉल = डायनकास्ट<कॉलबेस>(यू.गेटयूजर());
  इफ (कॉल && कॉल->इजकॉली(&यू))
    यादी.पुशबॅक(कॉल);
}
```

इजकॉली() ला यूजचा पत्ता द्यावा लागतो, यूजरचा नाही. कॉलबेस घेतल्यामुळे साधा कॉल आणि अपवाद हाताळणारा इन्व्होक हे दोन्ही सापडतात. या लूपमध्ये न बसणारे वापरही असतात आणि ते दुर्लक्षून चालत नाही: सी++ मधील व्हर्च्युअल फंक्शनचा पत्ता व्ही-टेबलच्या आरंभमूल्यात असतो, आणि तिथे यूजर हा स्थिरांक असतो, इन्स्ट्रक्शन नसते. त्याला इन्स्ट्रक्शन समजून थेट कास्ट केल्यास असर्ट फुटतो, म्हणून डायनकास्ट करून उत्तर शून्य आले का हे पाहणे आवश्यक आहे. फंक्शनची सही बदलणारा किंवा फंक्शन काढून टाकणारा पास लिहीत असाल, तर प्रत्येक वापर थेट कॉल आहे याची खात्री झाल्यावाचून हात लावू नये.

फायचा वापर कुठे होतो

फाय इन्स्ट्रक्शन नियंत्रण कोणत्या ब्लॉकमधून आले त्यानुसार व्हॅल्यू निवडते. ती ब्लॉकच्या सुरुवातीला लिहिलेली दिसते, पण तिच्या ऑपरंडचा वापर त्या ब्लॉकमध्ये होतो असे मानले जात नाही. तो ज्या ब्लॉकमधून नियंत्रण आले त्याच्या शेवटी होतो असे मानतात. एखादी व्हॅल्यू तिच्या ब्लॉकबाहेर वापरली जाते का, किंवा नवी व्याख्या या वापराच्या आधी येते का, असे प्रश्न विचारताना यूजरचा गेटपेरंट() घेतला तर फायच्या बाबतीत चुकीचा ब्लॉक मिळतो. योग्य मार्ग असा की यूजर फाय असल्यास तिच्यावर गेटइनकमिंगब्लॉक() बोलावून त्याला तो यूज द्यावा. डॉमिनेटर ट्री, म्हणजे एखाद्या ब्लॉकपर्यंत पोहोचताना कोणते ब्लॉक आधी चाललेच असतात हे सांगणारी रचना, तिचे डॉमिनेट्स() हे फंक्शनही यूज स्वीकारते आणि फायचा हा नियम स्वतः सांभाळते; त्याला यूजर इन्स्ट्रक्शन देण्यापेक्षा यूज देणे अधिक सुरक्षित आहे.

फायमध्ये येणाऱ्या ब्लॉकांची नावे दिसतात, पण ती ऑपरंड म्हणून साठवलेली नसतात. त्यामुळे बेसिक ब्लॉकच्या यूजेस() मध्ये ब्रँच आणि स्विच यांसारख्या इन्स्ट्रक्शन सापडतात, फाय सापडत नाहीत. ब्लॉकची जागा दुसऱ्या ब्लॉकला देताना फायमधील नावे वेगळी बदलावी लागतात, आणि त्यासाठी बेसिक ब्लॉकच्या वर्गात रिप्लेसफाययूजेसविथ() दिलेले आहे.

दुसरी पायरी: वापराकडून व्याख्येकडे

उलट दिशेचा प्रवास दिसायला अधिक सोपा आहे. इन्स्ट्रक्शनवर ऑपरंड्स() बोलावले की तिचे सर्व यूज क्रमाने मिळतात. नुसत्या व्हॅल्यू हव्या असतील तर ऑपरंडव्हॅल्यूज() आहे. हा क्रम निश्चित असतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण यूजेस() च्या बाबतीत तसे नाही.

मिळालेली व्हॅल्यू इन्स्ट्रक्शनच असेल असे मानू नये. ती आर्ग्युमेंट, स्थिरांक, ग्लोबल किंवा ब्रँचच्या बाबतीत बेसिक ब्लॉकही असू शकते. कॉल इन्स्ट्रक्शनमध्ये बोलावलेले फंक्शनही ऑपरंडच असते, म्हणून फक्त आर्ग्युमेंट हवी असतील तर ऑपरंड्स() ऐवजी आर्ग्ज() वापरावे.

एका पायरीपेक्षा जास्त मागे जायचे असेल, उदाहरणार्थ एखाद्या व्हॅल्यूवर कोणकोणत्या आर्ग्युमेंटचा प्रभाव पडतो हे शोधायचे असेल, तर कामाची यादी आणि भेट दिलेल्यांचा संच अशा दोन गोष्टी ठेवाव्यात. यादीतून एक व्हॅल्यू काढायची. ती संचात आधीच असेल तर सोडून द्यायची. नसेल तर संचात टाकून तिचे ऑपरंड यादीत घालायचे. संच ठेवणे ऐच्छिक नाही. लूपमधील मोजणीचा चल फाय आणि ॲड यांच्या चक्रातून जातो: फायचा ऑपरंड ॲड आणि ॲडचा ऑपरंड फाय, संच नसेल तर आपला पास त्या चक्रातच फिरत राहतो. शिवाय ज्या ब्लॉकपर्यंत नियंत्रण कधीच पोहोचत नाही, तिथे फाय नसलेली इन्स्ट्रक्शनही स्वतःलाच ऑपरंड म्हणून वापरू शकते, आणि आयआर नियमांत आहे का हे तपासणारा व्हेरिफायर त्याला हरकत घेत नाही. ‘चक्र फक्त फायमधूनच बनते’ या भरवशावर लिहिलेला कोड अशा ब्लॉकमध्ये अडकतो. या कामासाठी पुनरावर्ती फंक्शनही लिहिता येते, पण मोठ्या फंक्शनमध्ये साखळी हजारो इन्स्ट्रक्शन लांब असू शकते आणि मग स्टॅक पुरत नाही, म्हणून यादीच बरी.

तिसरी पायरी: चालता चालता बदल

आतापर्यंत आपण फक्त पाहत होतो. खरी जोखीम बदल करताना सुरू होते.

एका व्हॅल्यूचे सर्व वापर दुसरीकडे वळवायचे असतील तर लूप लिहूच नये. रिप्लेसऑलयूजेसविथ() हे काम करते. दोन्ही व्हॅल्यूंचा टाइप एकच असावा लागतो. पण काहीच वापर बदलायचे असतील तर लेखक बहुधा यूजेस() वर लूप लावतो आणि आत यू.सेट(नवी) असे लिहितो. असा लूप बऱ्याचदा पहिला वापर बदलून गुपचूप थांबतो, आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही.

हे कसे घडते ते जवळून पाहू. सेट() बोलावताच तो यूज जुन्या व्हॅल्यूच्या साखळीतून सुटतो आणि नव्या व्हॅल्यूच्या साखळीच्या आरंभी जोडला जातो. लूपचा इटरेटर अजून त्याच यूजवर उभा आहे. तो पुढचा दुवा विचारतो तेव्हा उत्तर नव्या व्हॅल्यूच्या साखळीतले मिळते. नव्या व्हॅल्यूला आधी एकही वापर नसेल तर पुढचा दुवा शून्य असतो आणि लूप संपतो. आधी वापर असतील तर लूप नव्या व्हॅल्यूच्या वापरांवरून चालू लागतो, आणि जुन्या व्हॅल्यूचे उरलेले वापर तसेच राहतात.

यावर उपाय म्हणून मेकअर्लीइंकरेंज() आहे. यूजेस() त्यात गुंडाळून दिले की लूपचे अंग चालण्याआधीच पुढचा दुवा वाचून ठेवला जातो, आणि मग हातातला यूज कुठेही हलवला तरी चालते. वापरांची निवड एका अटीने सांगता येत असेल तर रिप्लेसयूजेसविथइफ() अधिक सुटसुटीत आहे. त्याला यूज घेऊन हो-नाही सांगणारे लॅम्डा द्यायचे असते.

हे फंक्शन विशेष उपयोगी पडते ते पुढच्या प्रसंगी. समजा, %क नंतर %न = फ्रीज %क अशी इन्स्ट्रक्शन घालून %क चे बाकीचे वापर %न कडे वळवायचे आहेत. रिप्लेसऑलयूजेसविथ() वापरल्यास ते आज्ञा अक्षरशः पाळते आणि फ्रीजचा स्वतःचा ऑपरंडही बदलते; मग %न = फ्रीज %न असे निरर्थक वाक्य तयार होते, आणि फक्त फायलाच स्वतःची व्हॅल्यू वापरता येते, अशी तक्रार व्हेरिफायर करतो. लॅम्डामध्ये ‘यूजर %न नसेल तरच’ ही अट घातली की प्रश्न सुटतो. आधी सगळे वापर वळवून नंतर फ्रीज तयार करणे हा मार्ग मोहक वाटतो, पण वळवायला नवी व्हॅल्यू आधी अस्तित्वात असावी लागते.

इन्स्ट्रक्शन पुसून टाकायच्या असतील तर मेकअर्लीइंकरेंज() वरही विसंबू नये. आपल्या पहिल्या नमुन्यातील %ख = मल %क, %क आठवा. %क च्या साखळीत मलचे दोन यूज बहुधा शेजारी शेजारी असतात. एकावर उभे असताना पुढचा दुवा म्हणून दुसरा वाचून ठेवला, आणि मग मल पुसली, की दोन्ही यूज नष्ट होतात, कारण यूज हे यूजरचेच भाग आहेत. वाचून ठेवलेला दुवा आता मोकळ्या झालेल्या स्मृतीकडे पाहत असतो. म्हणून पुसण्याचे काम दोन फेऱ्यांत करावे: पहिल्या फेरीत पुसायच्या इन्स्ट्रक्शन गोळा कराव्यात आणि दुसऱ्या फेरीत पुसाव्यात. गोळा करताना तीच इन्स्ट्रक्शन दोनदा येऊ नये यासाठी संच हवा, आणि क्रम टिकावा यासाठी तो स्मॉलसेटव्हेक्टर असावा. पॉइंटरच्या पत्त्यांवर क्रम ठरणारा संच घेतला तर तोच प्रोग्राम दोनदा कंपाइल केल्यावर दोन वेगळे निकाल येऊ शकतात, आणि कंपायलरमध्ये हा दोष अक्षम्य मानला जातो.

पुसण्यापूर्वी त्या इन्स्ट्रक्शनच्या व्हॅल्यूचे वापर संपलेले असावेत, म्हणून यूजेम्प्टी() तपासावे. मात्र वापर नाहीत एवढ्यावरून इन्स्ट्रक्शन पुसण्याजोगी ठरत नाही; स्टोअरचा किंवा कॉलचा परिणाम व्हॅल्यूबाहेर असतो. त्यासाठी इजइन्स्ट्रक्शनट्रिव्हियलीडेड() विचारावे. एक मृत इन्स्ट्रक्शन गेली की तिचे ऑपरंडही मृत होऊ शकतात, आणि त्या साखळीने मागे जात साफसफाई करण्यासाठी रिकर्सिव्हलीडिलीटट्रिव्हियलीडेडइन्स्ट्रक्शन्स() तयार आहे. ते वापरावे, पुन्हा लिहू नये.

स्थिरांकाच्या ऑपरंडवर सेट() कधीही बोलावू नये. एकाच आशयाचा स्थिरांक एलएलव्हीएममध्ये एकदाच तयार होतो आणि त्याची नोंद एका सारणीत असते. त्याचा ऑपरंड परस्पर बदलला की नोंद एक सांगते आणि वस्तू दुसरीच असते. रिप्लेसऑलयूजेसविथ() हा प्रसंग वेगळा हाताळते. ग्लोबल किंवा फंक्शनच्या वापरांवर स्वतः लूप चालवणाऱ्याने मात्र यूजर स्थिरांक आहे का हे आधी पाहिले पाहिजे.

साखळी जे दाखवत नाही

साखळीत काय नसते हे माहीत नसेल, तर तिच्या उत्तरावर नको तेवढा विश्वास ठेवला जातो.

स्मृतीतून जाणारा प्रवाह साखळीत नसतो. %ख ही व्हॅल्यू %प वर लिहिली आणि नंतर %प वरून लोड केली, तर %ख च्या वापरांत स्टोअर दिसते. लोड दिसत नाही. कोणत्या स्टोअरचा परिणाम कोणत्या लोडपर्यंत पोहोचू शकतो, हे विचारण्यासाठी मेमरीएसएसए हे वेगळे विश्लेषण आहे. एलएलव्हीएमवर आधारलेल्या क्लँग या सी/सी++ कंपायलरने ऑप्टिमायझेशनशिवाय दिलेल्या आयआरमध्ये जवळजवळ प्रत्येक स्थानिक चल अलोकामध्ये राहतो. अशा आयआरवर आपला पास चालवून ‘साखळी एका पायरीतच संपते’ असे आढळले, तर आधी मेम२रेग चालवून पाहावा. त्यासाठी क्लँगला आयआर देताना त्यावर ऑप्टनोन (‘ऑप्टिमायझेशन नको’ असे सांगणारा) हा गुणधर्म लावू नये असेही सांगावे लागते, अन्यथा पास त्या फंक्शनला स्पर्शच करत नाही.

डीबगची माहितीही नेहमीच्या साखळीत येत नाही. म्हणूनच यूजेम्प्टी() खरे असूनही डीबगरला ती व्हॅल्यू हवी असू शकते. पुसण्यापूर्वी सॅल्व्हेजडीबगइन्फो() बोलावल्यास ही माहिती शक्य तेवढी वाचवली जाते. डीबगची माहिती साखळीबाहेर ठेवण्यामागे मोठा विचार आहे: ती साखळीत असती तर वापरांची संख्या बदलली असती, आणि डीबगचा पर्याय लावल्याने तयार होणारा कोडच बदलला असता.

पूर्णांकासारख्या साध्या स्थिरांकाचे वापर शोधायला जाऊ नये. शून्य हा स्थिरांक एका कॉन्टेक्स्टमधील सर्व फंक्शन आणि मॉड्यूल मिळून वापरतात, त्यामुळे त्या वापरांवरून आपल्या फंक्शनबद्दल काहीच कळत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत अशा स्थिरांकांच्या वापरांची साखळी ठेवलीच जात नाही. कोणतीही व्हॅल्यू हाती येऊ शकेल असा सर्वसाधारण कोड लिहिताना हॅजयूजलिस्ट() आधी विचारावे.

आणि क्रमाबद्दल: नवा यूज साखळीच्या आरंभी जोडला जातो, म्हणून वापर बहुधा जोडल्याच्या उलट क्रमाने मिळतात. पण त्यावर तर्क उभारू नये. आयआर फाइलमध्ये लिहून पुन्हा वाचला की हा क्रम बदलू शकतो; तो जपायचा असेल तर ऑप्ट या पास चालवणाऱ्या साधनाला वेगळा पर्याय द्यावा लागतो. ज्या पासला ‘पहिला वापर’ हवा आहे, त्याने फंक्शनमधील क्रम किंवा डॉमिनेटर ट्री विचारावी.

मोजणीचा खर्च

गेटनमयूजेस() पूर्ण साखळी चालून मोजते. साखळी लांब असेल तर तेवढा वेळ लागतो, आणि तेच लूपमध्ये ठेवले तर खर्च वर्गाने वाढतो. बहुतेक वेळा नेमकी संख्या नकोच असते. एकच वापर आहे का यासाठी हॅजवनयूज(), निदान इतके आहेत का यासाठी हॅजएनयूजेसऑरमोर(). दोन्ही गरजेपुरतेच चालतात.

हॅजवनयूज() आणि हॅजवनयूजर() यांत पुन्हा तोच फरक आहे. रिटर्नची ओळ नसती आणि %क फक्त मलमध्ये दोन्ही जागी वापरली असती, तर पहिल्याचे उत्तर नाही आणि दुसऱ्याचे उत्तर हो असे आले असते. इन्स्ट्रक्शन जोडून सोप्या करणाऱ्या इन्स्टकम्बाइन पासमध्ये एकाच वापराची अट ठिकठिकाणी दिसते. त्यामागचा हिशेब असा: दोन इन्स्ट्रक्शनऐवजी एक नवी इन्स्ट्रक्शन घालायची, पण मधल्या व्हॅल्यूला आणखी कोणी वापरत असेल, तर ती जाणार नाही आणि कोड अपेक्षेप्रमाणे लहान होणार नाही. आपल्या पासमध्ये ही अट घालायची की नाही, याचा विचार प्रत्येक नमुन्याला वेगळा करावा लागतो.

बिघडले तर कुठे पाहावे

सराव करताना असर्शन चालू ठेवून बिल्ड केलेला एलएलव्हीएमच वापरावा. वितरणासाठीच्या बिल्डमध्ये असर्शन बहुधा बंद असतात, आणि मग वर सांगितलेल्या चुका तिथल्या तिथे पकडल्या जात नाहीत. त्या दूरवर, असंबद्ध वाटणाऱ्या जागी क्रॅश घडवतात. आपल्या पासनंतर प्रत्येक वेळी व्हेरिफाय पास चालवावा.

नवशिक्याला सर्वाधिक वेळा भेटणारा संदेश म्हणजे व्हॅल्यू नष्ट होताना तिचे वापर शिल्लक असल्याचा. त्याच्या वरच्या ओळींत कोणती व्हॅल्यू पुसली जात होती आणि कोणता यूजर अजून तिला धरून आहे, हे दोन्ही छापलेले असते, आणि घाईत या ओळी वाचल्या जात नाहीत. शिल्लक यूजर आपण स्वतः घातलेली नवी इन्स्ट्रक्शन असेल, तर वापर वळवणे आणि नवी इन्स्ट्रक्शन घालणे यांचा क्रम तपासावा. तो स्वतःही पुसण्याच्या यादीत असेल, तर पुसण्याचा क्रम उलटा झाला आहे: वापरणारा आधी जायला हवा, वापरलेली व्हॅल्यू नंतर. दोन इन्स्ट्रक्शन एकमेकींना धरून असतील, जसे लूपमधील फाय आणि ॲड, तर कोणताही क्रम चालत नाही. अशा वेळी यादीतील प्रत्येकीवर ड्रॉपऑलरेफरन्सेस() बोलावून सगळ्यांचे ऑपरंड आधी सोडवावेत आणि मगच त्या एकेक करून पुसाव्यात. आणि छापलेला यूजर पूर्णपणे अनोळखी असेल, तर यूजेस() वरचा बदल करणारा लूप अर्ध्यावर थांबला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. तो शोधून मेकअर्लीइंकरेंज() मध्ये गुंडाळावा आणि पास पुन्हा चालवावा.